वाळवंटातले बेडूक, सरडे, साप : संख्येचा अभ्यास

वाळवंटात राहणारे उभयचर म्हणजे बेडूक-भेक (भेक म्हणजे टोड), आणि सरपटणारे म्हणजे साप, सरडे, पाली, घोरपडी, कासवं, यांची संख्या वर्षागणिक किती वाढते, किती घटते आणि ती तशी का बदलते, हे शोधायचा हा विषय. हर्पेटॉलॉजी, म्हणजे याच प्राण्यांचं शास्त्र, आणि लोकसंख्याशास्त्र या दोन्हींचा त्यात हात आहे. कागदावर हिशोब सोपा असतो, जन्मलेले आणि बाहेरून आलेले मिळवायचे, मेलेले आणि निघून गेलेले वजा करायचे, झालं. खरी पंचाईत पहिल्याच आकड्याला होते, कारण मुळात आहेत किती हेच कळत नाही. वाळवंटातला बेडूक वर्षातले आठ-दहा महिने जमिनीखाली असू शकतो आणि साप-सरडे थंडीत आणि भर उन्हात बिळाबाहेर डोकंही काढत नाहीत, त्यामुळे एकदा जाऊन मोजून येणं म्हणजे रात्री दोनला दादर स्टेशनवर उभं राहून मुंबईची लोकसंख्या सांगण्यासारखं आहे.

मुंबईत वाळवंट नाही, तरी हा विषय इथल्या लोकांना परका नाही. फोर्टातल्या हॉर्नबिल हाऊसमधली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून आहे, तिच्या संग्रहात साप-सरड्यांचे जुने नमुने आहेत, आणि कुठला प्राणी पूर्वी कुठे सापडायचा हे बघायला असे लेबल लावलेले नमुने फार कामाला येतात. पावसाळ्यात आरे किंवा येऊरला टॉर्च घेऊन हर्पिंग, म्हणजे साप-बेडूक शोधत फिरणं, करणारी पोरं थंडी संपली की कच्छ नाहीतर जैसलमेरची वाट धरतात, वांद्र्याहून जोधपूरला सूर्यनगरी एक्स्प्रेस थेट जातेच. पण मुंबईची सवय तिथे नडते. इथे जूनमध्ये पहिली सर पडली की डबक्यात पिवळेधम्मक बुलफ्रॉग ओरडायला लागतात आणि दरवर्षी साधारण त्याच सुमाराला लागतात. जैसलमेरला अख्ख्या वर्षाचा पाऊस सहसा 200 मिलिमीटरच्या आत, तोही कधी पडेल, कुठे पडेल याचा भरवसा नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे ढोबळमानाने जैसलमेरचा चार-पाच वर्षांचा पाऊस.

पावसाचं गणित

वाळवंटात संख्येची दोरी पावसाच्या हातात असते. पाऊस झाला की गवत येतं, गवतावर किडे, किड्यांवर सरडे आणि सरड्यांवर साप-घोरपडी, पण ही साखळी एका दमात हलत नाही, प्रत्येक टप्प्याला थोडा उशीर लागतो, म्हणून यंदाच्या पावसाचा परिणाम मोठ्या प्राण्यांमध्ये पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी दिसू शकतो. दोन वर्षांचा प्रोजेक्ट घेऊन गेलेल्या माणसाला त्यामुळे हमखास चुकीचं चित्र दिसतं. दोन्ही वर्षं दुष्काळी निघाली तर प्राणी संपत चालले असं वाटतं आणि दोन्ही चांगली निघाली तर सगळं झकास आहे असं.

बेडकांचं तर सगळं गणितच एका डबक्यावर असतं. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात काउच्स स्पेडफूट नावाचा भेकासारखा प्राणी आहे, मागच्या पायावर खुरप्यासारखी कडक कड असते, तिने तो मागे मागे सरकत जमिनीत उतरतो आणि बरंचसं वर्ष तिथेच काढतो. वर वादळी पाऊस सुरू झाला की बाहेर येतो, आणि गंमत म्हणजे त्याला पाणी लागायचीही वाट बघावी लागत नाही, डिमिट आणि रुइबाल या दोन संशोधकांनी 1980 साली दाखवलं की नुसत्या हादऱ्यांनीही, म्हणजे मोटरच्या थरथरीनेसुद्धा, हे प्राणी बाहेर येतात. त्याच रात्री नर ओरडतात, माद्या येतात, अंडी पडतात, आणि मग शर्यत सुरू. डबकं आटायच्या आत अंड्यातून टॅडपोल, म्हणजे पाण्यात पोहणारी शेपटीवाली अळी, आणि टॅडपोलचं पिल्लू व्हायला पाहिजे. या जातीत ते साधारण आठ दिवसांतही उरकतं. डबकं सहाव्या दिवशी आटलं तर त्या डबक्यातली त्या वर्षीची पिढी शून्य. म्हणून इथे अभ्यास करणारा माणूस बेडकांइतकंच डबकं मोजतो, रोज सकाळी काठाला खुंटी मारून पाणी किती मागे गेलं ते लिहितो.

त्याच भागातल्या मेक्सिकन स्पेडफूटमध्ये आणखी एक भानगड दिसते. टॅडपोलना खायला डबक्यातले कोळंबीसारखे बारीक फेअरी श्रिम्प मिळाले तर त्यातले काही टॅडपोल मोठ्या जबड्याचे मांसाहारी होतात, पटापट वाढतात आणि वेळ पडली तर भाऊबंदांनाही खातात, बाकीचे गाळ-शेवाळ खात सावकाश वाढतात. डबकं लवकर आटणार असेल तर पहिल्यांचं फावतं, टिकलं तर दुसरे सुदृढ निघतात. आता अशा डबक्यातले टॅडपोल नुसते मोजून पुढच्या वर्षी बेडूक किती असतील ते कसं सांगणार?

ऑस्ट्रेलियातला पाणी साठवणारा बेडूक मूत्राशयात पाणी भरून घेतो, गळलेल्या कातडीच्या थरांचं वेष्टण स्वतःभोवती करतो आणि मोठ्या पावसाची वाट बघत पडून राहतो. तिथले आदिवासी तहान लागली की तो खणून काढून त्यातलं पाणी प्यायचे. आपल्या थरच्या वाळवंटात बेडकांच्या जाती थोड्या आहेत, त्यात जमीन उकरून बसणारा स्फेरोथेका आणि सिंधू खोऱ्यातला भेक हे ओळखीचे.

मोजतात कसं

जुनी आणि अजून चालणारी पद्धत म्हणजे बादल्या. जमिनीत तोंडापर्यंत बादल्या पुरायच्या, त्यांच्यामधून प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची वीतभर-दीड वीत उंच भिंत उभी करायची, चालत आलेला सरडा भिंतीला अडतो, कडेकडेने जातो आणि बादलीत पडतो. ऐकायला मजेशीर आहे, पण वाळवंटात हे बेफिकिरीने केलं तर प्राणी मरतात. बादलीवर सावलीसाठी झाकण थोडं उचलून ठेवावं लागतं, तळाला भोकं लागतात नाहीतर अचानक पाऊस आला की आतले बुडतात, बेडकांसाठी ओला स्पंज टाकतात, आणि ऊन चढायच्या आत प्रत्येक बादली तपासायची म्हणजे तपासायचीच. हात घालायच्या आधी काठीने चाचपायचं, कारण विंचूही त्याच भिंतीला अडून त्याच बादलीत पडलेला असतो. राजस्थानात फलोदीला मे 2016 मध्ये 51 अंश तापमान नोंदवलं गेलंय, आणि ते हवेचं, वाळू त्याहून कितीतरी तापते.

पकडलेल्या प्राण्याला खूण करून सोडायचं आणि पुन्हा पकडायचं, यावर सगळा हिशोब उभा आहे. समजा पहिल्या रात्री 40 पाली पकडून खूण केली, काही दिवसांनी 50 पकडल्या, त्यात 10 खुणेच्या निघाल्या, तर 40 गुणिले 50 भागिले 10, म्हणजे अंदाजे 200 पाली. याला लिंकन-पीटरसन पद्धत म्हणतात. पीटरसन 1896 च्या सुमाराला डेन्मार्कमध्ये माशांवर काम करत होता आणि लिंकनने 1930 मध्ये अमेरिकेतल्या बदकांसाठी हेच गणित वापरलं, म्हणजे दोघंही पाण्यातले आणि हिशोब आता वाळूत चालतो. यात गृहीतकं बरीच आहेत, मधल्या काळात कोणी मेलं नाही, कोणी आलं-गेलं नाही, खूण पुसली नाही, खूण झालेला प्राणी पूर्वीसारखाच सापडतो. शेवटचं तर बऱ्याचदा मोडतं, एकदा बादलीत पडलेला सरडा पुढच्या वेळी बादली टाळायला शिकला तर खुणेचे कमी सापडतात आणि आकडा उगाच फुगतो. ये-जा आणि मरण हिशोबात धरणारी कॉरमॅक, जॉली आणि सीबर यांची मॉडेल 1964-65 ची, आज लॅपटॉपवर बहुतेक त्यांचीच पुढची पिढी चालते.

खुणा करायच्या तऱ्हाही बदलल्यात. पूर्वी सरड्या-बेडकांचं बोटाचं टोक कापायचे, सापाच्या पोटाचा खवला छाटायचे, आता कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात किंवा अंगावरच्या ठिपक्यांचे फोटो काढून फोटोवरूनच ओळखतात. बोट कापायची पद्धत मला स्वतःला पटत नाही, पण एक मान्य करावं लागतं, त्या कापलेल्या तुकड्यातल्या हाडाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली धरला की वाढीच्या रेघा दिसतात आणि वय कळतं. जिथे थंडीत किंवा कोरड्या मोसमात वाढ थांबते तिथे रेघा स्पष्ट येतात, म्हणून वाळवंटात हे जमतं.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या कासवांसाठी वेगळी युक्ती आहे. सरळ रेषेत चालत जायचं, दिसलेलं प्रत्येक कासव रेषेपासून किती लांब होतं ते मोजायचं आणि त्यावरून घनता काढायची. पण बिळातली कासवं दिसणारच नाहीत, त्यांचं काय? म्हणून काही कासवांच्या पाठीवर रेडिओ ट्रान्समीटर चिकटवलेले असतात, सर्व्हे चालू असताना दुसरी टीम त्यांच्याकडे जाऊन बघते की त्यातली किती या घडीला दिसण्याजोगी आहेत, आणि त्या प्रमाणात आकडा वर नेतात. या सगळ्या विषयातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच, न दिसणाऱ्यांचा अंदाजसुद्धा मोजून काढलेला असतो, मनाने लावलेला नसतो.

रत्नागिरीचा आकडा

मेहनत किती केली हे न लिहिता नुसता आकडा लिहिला तर काय होतं याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळायचं. डिसेंबर 1862 मध्ये बक्षिसाची रक्कम वाढवली आणि आठ दिवसांत 1,15,921 फुरशी आली. विडाल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नोंदवून ठेवलं. आता यावरून फुरशी किती होती ते सांगता येतं का? फार होती एवढं नक्की. पण त्या आठवड्यात फुरशी वाढली नव्हती, दगड उलटणारे हात वाढले होते. तेच फुरसं, जरा मोठी उपजात, थरमध्ये राहतं, आणि तिथे रात्री गाडीने रस्त्यावर फिरून साप मोजताना हाच घोळ होऊ शकतो, म्हणून किती किलोमीटर, किती वाजता, किती तापमानात, चंद्र होता की नव्हता, हे सगळं सापाच्या आकड्याशेजारी लिहितात.

जगणं लांब की छोटं

साइड-ब्लॉच्ड नावाचा छोटा अमेरिकन सरडा आहे, टिंकल या शास्त्रज्ञाने टेक्सासमध्ये त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की मोठ्या सरड्यांची जवळजवळ सगळी फळी वर्षभरात बदलते. असा प्राणी एका वाईट वर्षात कोसळतो आणि एका चांगल्या वर्षात परत उभा राहतो. मोहावीतलं कासव बरोब्बर उलट, वयात यायलाच बारा ते वीस वर्षं, पुढे कित्येक दशकं जगतं. तिथे पिल्लांची दोन-चार वर्षं वाया गेली तरी चालतं, पण मोठ्या माद्या मरायला लागल्या की संख्या हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, घसरते. श्वसनाचा आजार, रस्ते, माणसाच्या कचऱ्यावर वाढलेले आणि पिल्लं उचलणारे डोमकावळे, अशा कारणांनी 1990 मध्ये त्याला अमेरिकेत संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं. त्यात अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं, साधारण 31-32 अंशांच्या आसपास पारडं फिरतं, त्याच्यावर माद्या आणि खाली नर. उष्णता वाढली तर आधी बिघडेल ते नर-मादीचं प्रमाण, एकूण आकडा नंतर.

उष्णतेचं आणखी एक. सरडा ऊन खातो, पण हद्दीपलीकडे तापलं की त्याला सावलीत बसावं लागतं, आणि बसला की खाणं बंद. सिनेर्वो नावाच्या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मेक्सिकोतल्या सरड्यांच्या 200 जुन्या ठिकाणांचा हिशोब मांडला, 1975 नंतर त्यातल्या 12 टक्के ठिकाणचे सरडे नाहीसे झाले होते. बेडकांच्या बाबतीत उन्हाची एक बाजू चांगलीही आहे, जगभर बेडूक मारणारी कायट्रिड बुरशी गारव्यात फोफावते आणि कडक उष्णतेत तिची वाढ मंदावते.

थरमध्ये

थरमधला सर्वात ओळखीचा सरडा म्हणजे सांडा, काटेरी शेपटीचा, गवत-पाला खाणारा, वसाहत करून राहणारा. एका बिळात सहसा एकच मोठा सांडा, आणि आत गेला की तोंड मातीने बंद करतो. म्हणून सांड्यांऐवजी बिळं मोजतात, पण ताजी माती, शेपटीची रेघ, लेंड्या बघून चालू बीळ कुठलं आणि सोडलेलं कुठलं हे ओळखता यायला हवं, नवखा माणूस सगळीच मोजतो. जैसलमेरकडच्या लोंगेवालाच्या टेकड्यांतला टोड-हेडेड अगामा नावाचा सरडा तर अंग थरथरवून बघता बघता वाळूत बुडतो, 1978 मध्ये आर. सी. शर्मांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा नावात लोंगेवालाच घातलं. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आल्यावर ओलाव्यात राहणारे प्राणी वाळवंटात शिरले आणि कोरड्या मोकळ्या जमिनीवर जगणाऱ्यांची जागा शेतीने घेतली, त्यामुळे बेडूक वाढले ही बातमी तिथे चांगलीच असेल असं नाही.

सांड्याला तेलासाठी मारतात आणि त्या तेलाचे औषधी गुण निव्वळ थाप आहे. मांडूळ तर मुंबई-ठाण्यात दरवर्षी तस्करांकडून पकडलं जातं, गुप्तधन आणि औषधाच्या अफवांपायी. हे प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा खूण करण्यासाठी पकडायचं तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि फोटो टाकताना अचूक लोकेशन टाकायचं नाही, निदान जिल्ह्यावर थांबायचं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, व्हॉट्सॅप ग्रुपवर होत नाही.