वणवा लागला की हॉटेलचे पैसे आपोआप परत? नाही हो

जुलै 2023 मध्ये ग्रीसच्या रोड्स बेटावर वणवा पेटला, जवळपास 19,000 लोकांना हलवावं लागलं, आणि तेव्हापासून एक समज फिरतोय की नैसर्गिक आपत्ती आली की हॉटेलला पूर्ण रिफंड द्यावाच लागतो. असं सरसकट नसतं! युरोपियन युनियनच्या नियमात विमान-हॉटेल एकत्र पॅकेज घेतलं असेल आणि आगीमुळे ट्रिपवर मोठा परिणाम होत असेल तर फुकट कॅन्सल करता येतं, पैसे 14 दिवसांत. नुसतं हॉटेल वेगळं बुक केलंत तर हा नियम लागूच नाही, तिथे बुकिंगच्या अटी बघायच्या. आणि रोड्सची आग दक्षिणेकडे होती, उत्तरेला रोड्स शहरातली हॉटेलं चालूच होती, मग नॉन-रिफंडेबल रूमचे पैसे कशाच्या जोरावर मागणार? तरी तारीख बदलून मागा, बरेचदा देतात.