गोवा दर्शनाची यादी कशी घडली

पणजीहून सकाळी सुटणाऱ्या 'दक्षिण गोवा' सहलीचे थांबे साधारण ठरलेले असतात. जुने गोवे, मंगेशी, शांतादुर्गा, मडगाव, कोलवा आणि परतताना दोना पावल, मिरामार. 'उत्तर गोवा'च्या बसमध्ये आग्वाद, कळंगुट, हणजूण. पाहुण्यांना ही यादी अनादी काळापासून अशीच असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यातल्या कितीतरी गोष्टी आज जिथे दिसतात तिथल्या मूळच्या नाहीत. गोव्यात देव हलले, राजधानी हलली, घंटा हलली. समुद्रकिनारे जागचे हलले नाहीत, पण यादीत ते अगदी शेवटी आले.

सुरुवात देवांपासून करू. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे गोव्याचे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि तिथली देवळे पाडली जात होती. १५६० साली महाजनांनी, म्हणजे देवस्थानाच्या मानकऱ्यांनी, देव जुवारी नदीपलीकडे अंत्रुजात (आजच्या फोंडा तालुक्यात), प्रियोळला नेला. तो मुलूख तेव्हा विजापूरकरांचा होता. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. फोंड्याभोवती पाच-दहा किलोमीटरांत एवढी मोठी देवस्थाने का दाटली आहेत, याचे उत्तर हे आहे. बार्देशातल्या हळदोण्यात किंवा साष्टीतल्या राशोलात जुने देऊळ शोधायला जाणाऱ्याला ते का सापडत नाही, याचेही.

आजच्या वास्तू मात्र बऱ्याच नंतरच्या. कवळ्याचे देऊळ १७३८ च्या सुमारास शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. मंगेशी गाव देवस्थानाला पेशव्यांकडून मिळाले, त्यामागे रामचंद्र मल्हार सुखटणकर होते. १७६३ मध्ये अंत्रुज पोर्तुगीजांकडे गेला, पण देवळांवर पूर्वीसारखी धाड आली नाही. या देवळांत जरा मान वर करून पाहावे. खाली उतरती कौले, वर चर्चला शोभेल असा घुमट, आत लोंबणारी काचेची झुंबरे आणि अंगणात मजल्यावर मजले चढवलेला दीपस्तंभ. ज्या गवंड्यांच्या हाताला चर्च बांधायची सवय होती, त्यांच्याकडून देऊळ बांधून घेतले की असेच होणार. बाजूच्या लांबट इमारती म्हणजे अग्रशाळा. कुळावी, म्हणजे ज्यांचे हे कुलदैवत ते लोक, मुलाबाळांसह येऊन इथे उतरत. हॉटेल ही गोष्ट गोव्यात यायच्या कितीतरी आधीची ही सोय.

जुन्या गोव्याची कहाणी उलटी. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून घेतलेले हे शहर शंभर वर्षांत भरभराटीला आले आणि पुढे साथीच्या रोगांनी रिकामे झाले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला. १८३५ मध्ये ख्रिस्ती पंथांचे मठ बंद करण्यात आले, मग ओसाड इमारतींना वाली उरला नाही. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, मनोऱ्याचा मोठा भाग १९३१ मध्ये. आज गाइड तिथे पाहुण्यांना फोटो काढायला पाच मिनिटे देतो. मला विचाराल तर बॉम जेझू या प्रसिद्ध चर्चपेक्षा जास्त वेळ इथे द्यावा.

पणजी तेव्हा खाजण (भरतीच्या पाण्याची खारी जमीन), दलदल आणि नदीकाठचा आदिलशहाचा वाडा एवढीच होती. रायबंदरपर्यंतचा बांधरस्ता १६३० च्या दशकातला. आजही आपली बस त्यावरूनच जुन्या गोव्याला जाते. दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु या गव्हर्नरने १८२६ ते १८३५ या काळात दलदली बुजवल्या, सरळ रस्ते आखले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पणजीतल्या पायऱ्यांच्या चर्चवरची भलीमोठी घंटा त्याच ऑगस्टिन चर्चची आहे. फोंताइन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीतल्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलातला, उघड्या डोळ्यांच्या येशूचा क्रूस आधी इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, मग आदिलशहाच्या वाड्यात, नंतर इथे. फोंताइन्हासच्या रंगीत भिंतींसमोर आज सकाळपासून प्री-वेडिंगवाल्यांची रीघ लागते, रहिवाशांनी 'फोटो काढू नका' असे फलक लावले आहेत. पलीकडे मळा या वस्तीत मारुतीरायाची जत्रा भरते, तिथे मात्र क्वचितच कुठला टूरवाला थांबतो.

जुन्या गोव्याला पूर्ण विसरले जाण्यापासून वाचवले ते बॉम जेझूत ठेवलेल्या, सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रसारकाच्या देहाने. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ मृत्यू, मग मलाक्का, आणि १५५४ मध्ये गोवा. 'गोंयचो सायब' म्हणून सर्वधर्मीय गोवेकर त्याला मानतात. १९५२ मध्ये हा देह दर्शनासाठी बाहेर ठेवला, त्या शवप्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी पणजीत मांडवी हॉटेल उभे राहिले, म्हणजे पणजीचे पहिले आधुनिक हॉटेलसुद्धा यात्रेकरूंसाठीच.

मुंबईकर तेव्हा बोटीने येत. भाऊच्या धक्क्यावर चढायचे, रात्र डेकवर काढायची आणि दुसऱ्या दिवशी पणजीच्या धक्क्यावर उतरायचे. यात कुलदैवताला निघालेली कुटुंबे बरीच असत. १९५५ नंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली, जाणे-येणे आटले आणि १९ डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाले.

किनाऱ्यांचे काय? गोवेकर मे महिन्यात खाऱ्या पाण्याच्या आंघोळीला कळंगुटला जात, कारण ते अंगाला चांगले. त्यापलीकडे वाळूकडे कोणी फारसे बघत नसे. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले, कळंगुट आणि हणजूणला राहिले. १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे नेते आग्वादजवळच्या हॉटेलात विश्रांतीसाठी आले आणि गोव्याचे नाव जगभरच्या बातम्यांत झळकले. पाठोपाठ युरोपातली चार्टर विमाने, १९९८ मध्ये कोकण रेल्वे, २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २०२३ पासून मोपाचा विमानतळही चालू झाला.

आग्वादचा किल्ला १६१२ चा. जहाजांना गोडे पाणी इथल्या झऱ्यातून मिळे. पोर्तुगीज काळात इथल्या तुरुंगात गोवा मुक्तीचे सत्याग्रही डांबले गेले; मुक्तीनंतरही तुरुंग चालूच राहिला. २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलवले आणि आता तिथे संग्रहालय आहे.

मांडवीतल्या कॅसिनो बोटींना पणजीकरांचा विरोध जुना आहे. त्या इथून हलवण्याची घोषणा सरकारे करतात, मग मुदतवाढ देतात. 'पणजी दर्शन'च्या यादीत आता संध्याकाळी त्यांच्या दिव्यांची रोषणाईही येऊन बसली आहे.