जुन्या प्लॅस्टिक वस्तूंचा संग्रह (नाशिक)

मुख्यतः विसाव्या शतकातील प्लॅस्टिकचे दागिने आणि घरगुती वापराच्या वस्तू शोधून, ओळखून जतन करण्याचा छंद. सेल्युलॉइडच्या फण्या व बांगड्या, बेकलाइटची विजेची बटणे, ॲक्रिलिकची कर्णफुले, मेलामाइनच्या बशा, कुंकवाचे करंडे आणि नायलॉनच्या वायरीने घरी विणलेल्या पिशव्या यांचा त्यात समावेश होतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकमध्ये या छंदाचे महत्त्व विशेष जाणवते. पितळी हंडा फुटला तरी त्याची मोड येते. बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलेल्या प्लॅस्टिकच्या टबाला तशी मोड नसते. म्हणून तो माळ्यावरही टिकला नाही. भंगारात किलोवर गेला, वितळून त्याचा दाणा झाला आणि त्यातून दुसरीच वस्तू निघाली. ज्या वस्तू घरातील प्रत्येकाच्या हातात रोज होत्या, त्याच सर्वांत आधी नाहीशा झाल्या.

सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज व कापूर यांपासून बनते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हस्तिदंत व कासवाच्या कवचाला स्वस्त पर्याय म्हणून पुढे आले. दुधातील केसीन या प्रथिनावर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करूनही बटणे आणि मणी तयार होत. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकलाइट तयार केले. ते एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा वितळत नाही आणि त्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे स्विच, टेलिफोन आणि रेडिओची खोकी यांसाठी ते सोयीचे ठरले.

जुन्या नाशकातील वाडे उतरवले जातात तेव्हा लाकडी पट्टीवरून नेलेल्या वायरींच्या टोकाला, लाकडी फळीवर बसवलेले गोल, काळे किंवा गडद तपकिरी बटण आढळते. त्याची दांडी रोजच्या बोटांनी गुळगुळीत झालेली असते, कडेला चुन्याचे थर साचलेले असतात आणि फिरकीचे झाकण काढले की आत पितळेच्या पट्ट्या दिसतात. भंगारवाला त्या पट्ट्या काढून घेतो व उरलेले बेकलाइट टाकून देतो, कारण त्याचा दाणा होत नाही. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तूंमध्ये असे काही दिसले तर ते झाकणासह, आतल्या भागांसह घ्यावे. सुटे झाकण फारसे काही सांगत नाही.

ओळख पटवण्यासाठी नाक हे उत्तम साधन आहे. वस्तू अंगठ्याने जोरात घासून गरम केली असता बेकलाइटला कार्बोलिक साबणासारखा, सेल्युलॉइडला कापराचा वास येतो. ॲक्रिलिकला सहसा वास येत नाही. तापलेली सुई टोचून पाहण्याची पद्धत कटाक्षाने टाळावी, कारण सेल्युलॉइड झपाट्याने पेट घेते आणि इतर वस्तूंवरही कायमचा डाग राहतो. लहान, भरीव वस्तूंसाठी पाण्याची परीक्षा उपयोगी पडते: पॉलिथिन साध्या पाण्यावर तरंगते, पॉलिस्टायरिन साध्या पाण्यात बुडते पण भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात वर येते, तर बेकलाइट दोन्हींत तळ गाठते. केसीन मात्र पाणी शोषून फुगते, त्यामुळे शंका असल्यास वस्तू भिजवू नये.

कालनिश्चिती अधिक अवघड आहे. अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयामुळे नाणेसंग्रह नाशिककरांच्या परिचयाचा आहे. परंतु नाण्यावर राजाचे नाव किंवा साल असते, तसे प्लॅस्टिकच्या करंड्यावर क्वचितच असते. अशा वेळी वस्तूइतकेच तिचे खोके मोलाचे ठरते. किंमत आण्यांत छापलेली असेल तर खोके बहुधा १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचे किंवा त्याच सुमाराचे असते, ‘नये पैसे’ असतील तर ते बहुधा १९५७ ते १९६४ या काळातील असते, आणि पत्त्यात पिनकोड असल्यास ते १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे असू शकत नाही. बुडाशी बाणांचा त्रिकोण व आत अंक असेल तर वस्तू १९८८ किंवा त्यानंतरची समजावी, कारण ही खूण त्याच वर्षी प्रचारात आली.

वायरच्या पिशव्या आणि रुखवतासाठी केलेल्या मण्यांच्या वस्तू या संग्रहात वेगळ्या ठरतात. त्यांचा कच्चा माल कारखान्यातला असला तरी घडण घरातली आहे. चौकटीची वीण, दोन रंगांची सांगड, मुठीला दिलेला पीळ यांतून विणणारीचा हात ओळखू येतो. अशी वस्तू मिळाल्यास ती कोणी, कधी व कशासाठी विणली हे घरातल्या आजीला किंवा आत्याला विचारून लगेच लिहून ठेवावे. ही माहिती खोक्यावर छापलेली नसते.

जतन करताना सर्व प्लॅस्टिक एकत्र ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सेल्युलॉइड जुने होताना आम्लयुक्त वायू सोडते. त्याने शेजारच्या धातूला गंज चढतो व इतर सेल्युलॉइडही लवकर खराब होते. फणीवर बारीक चिरांचे जाळे दिसू लागले किंवा तिच्यातील धातूची नक्षी हिरवी पडली तर ती ताबडतोब वेगळी काढावी. अशा वस्तू बंद पॉलिथिन पिशवीत न ठेवता धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून, हवेशीर कपाटात ठेवाव्यात; नाशिकच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा आणि देवघरातील समईजवळची जागा त्यांच्यासाठी पूर्णतः वर्ज्य होय.