डेटा वेअरहाउस प्लॅटफॉर्म : वापरकर्त्यांच्या बाजूने तुलना

संस्थेच्या रोजच्या कामाच्या वेगवेगळ्या प्रणालींतून (बिलिंग, स्टॉक, पगार, वजनकाटा) माहिती उचलून ती केवळ अहवाल आणि विश्लेषणासाठी एका जागी मांडून ठेवणारा डेटाबेस म्हणजे डेटा वेअरहाउस. आयबीएममधील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये ही रचना मांडली. पुढे बिल इन्मन यांनी तिचे चार गुण सांगितले : विषयवार मांडणी, सगळीकडे एकच परिमाण, प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ, आणि आलेली नोंद न पुसणे. राल्फ किम्बल यांनी रुजवलेली ‘स्टार स्कीमा’ आजही सर्वांत जास्त दिसते. तिच्यात मधोमध आकड्यांचे फॅक्ट टेबल असते आणि भोवती तारीख, गाव, माल, ग्राहक अशी डायमेन्शन टेबले असतात.

मराठवाड्यात याचे वापरकर्ते अनेक जातकुळींचे आहेत. वाळूज आणि शेंद्रा येथील वाहन उद्योग व त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने, जालन्यातील पोलाद व बियाणे व्यवसाय, लातूरचा सोयाबीन-तुरीचा बाजार, साखर कारखाने, सहकारी आणि ग्रामीण बँका. या ठिकाणी प्लॅटफॉर्म निवडतो एक आणि वापरतो दुसरा. निवडणारा वेग आणि दर पाहतो. एमआयएसच्या (व्यवस्थापनाला अहवाल देणाऱ्या विभागाच्या) टेबलाशी बसलेल्या माणसाला मात्र सकाळच्या बैठकीआधी बरोबर आकडा हवा असतो, आणि तो चुकला तर उत्तरही त्यालाच द्यावे लागते. ही नोंद दुसऱ्याच्या बाजूने लिहिली आहे.

प्रमुख प्लॅटफॉर्म

१९७९ मध्ये स्थापन झालेल्या टेराडेटाने एकच काम अनेक यंत्रांवर वाटून करण्याची पद्धत व्यापारी जगात आणली. तिचा वापर मुख्यतः मोठ्या बँका आणि दूरसंचार कंपन्यांत होतो. सॅप बीडब्ल्यू १९९८ चे. मूळ हिशेब सॅपवर असलेल्या वाहन उद्योगात ते ओघानेच येते. त्याचा वापरकर्ता बहुधा एक्सेलमधूनच तयार क्वेरी (माहितीला विचारायचा प्रश्न) उघडतो. आकडे शिस्तीत मिळतात, पण नवा प्रश्न सुचला की आयटी विभागाकडे मागणी नोंदवून थांबावे लागते.

क्लाउडवरची पिढी २०१० नंतरची. गूगलचे बिगक्वेरी २०१० मध्ये जाहीर झाले, ॲमेझॉनचे रेडशिफ्ट २०१२ मध्ये. स्नोफ्लेक ही कंपनी २०१२ ची. साठवण आणि गणनाशक्ती पूर्णपणे वेगळ्या ठेवून दोन्हींचे बिल वेगळे लावणे हे तिचे वैशिष्ट्य, आणि नंतर इतरांनीही कमीअधिक प्रमाणात तेच केले. मायक्रोसॉफ्टच्या वेअरहाउसचे नाव २०१९ मध्ये सिनॅप्स झाले आणि २०२३ मध्ये त्यावर फॅब्रिक आले. वापरकर्ता यांपैकी कशाचेच नाव घेत नाही, तो ‘पॉवर बीआय’ (मायक्रोसॉफ्टचे अहवाल दाखवणारे साधन) म्हणतो. डेटाब्रिक्स या आणखी एका प्लॅटफॉर्मचा कल नोटबुक (कोड आणि त्याचे उत्तर एकाच पानावर) आणि मशीन लर्निंगकडे आहे, त्यामुळे अहवालापुरते काम असणाऱ्याला ते जड वाटते. क्लाउडवरचे हे सर्व प्लॅटफॉर्म माहिती ओळीऐवजी कॉलमनुसार साठवतात, म्हणून दहा वर्षांच्या आवकेची बेरीज काही सेकंदांत होते. एक ओळ शोधून दुरुस्त करण्याच्या कामात मात्र साधा डेटाबेसच सरस ठरतो.

बिलाची रीत

वापरकर्त्याच्या सवयी बिलाच्या पद्धतीने घडतात. बिगक्वेरीच्या मागणीनुसार दरात क्वेरी किती माहिती वाचते त्यावर पैसे लागतात. महिन्याचे पहिले एक टेबीबाइट (सुमारे १.१ टेराबाइट) फुकट असते. टेबलातील सगळे कॉलम मागवून शेवटी ‘लिमिट १०’ (दहाच ओळी दाखव) लिहिले की खर्च वाचतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. साध्या टेबलावर तसे केले तरी मागवलेले कॉलम पूर्ण वाचले जातात आणि पूर्ण बिल लागते. चालवण्याआधीच किती माहिती वाचली जाणार हे पडद्यावर दिसते, ही सोय मोलाची आहे. एसक्यूएल (क्वेरी लिहिण्याची भाषा) नुकतेच शिकणाऱ्याला तिच्यामुळे धाक आणि धीर दोन्ही मिळतात.

स्नोफ्लेकमध्ये गणनाशक्ती चालू असेल तितक्या सेकंदांचे पैसे, पण प्रत्येक वेळी सुरू करताना किमान ६० सेकंदांचे. आकार एक पायरी वाढवला की तासाचा दर दुप्पट. दहा मिनिटे काम नसेल तर बंद व्हायचे असे ठरवून ठेवलेले वेअरहाउस (स्नोफ्लेकमध्ये गणनाशक्तीच्या संचालाच हे नाव आहे) दर पाच मिनिटांनी ताजा होणारा एकच डॅशबोर्ड रात्रभर जागे ठेवतो. असे डॅशबोर्ड बहुतेक वेळा साहेबांच्या केबिनमधल्या टीव्हीवर असतात, आणि साहेब सहाला घरी जातात.

रेडशिफ्टचा नेहमीचा क्लस्टर तासाच्या भाड्याने चालतो, म्हणजे बिल आधीच ठाऊक असते. जमाखर्च पाहणाऱ्यांना हे आवडते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते : माहिती यंत्रांवर कोणत्या कॉलमनुसार वाटायची हे कोणीतरी ठरवावे लागते. बाजार समित्यांची आवक जिल्ह्यानुसार वाटली तर सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या ओळी एकाच यंत्रावर ढीग होऊन पडतात आणि बाकीची यंत्रे रिकामी बसतात. पावती क्रमांकासारखा भरपूर वेगवेगळी मूल्ये असलेला कॉलम घेतला की भार सारखा होतो. टेराडेटातही हाच धडा प्राथमिक इंडेक्सच्या (ओळी कशानुसार वाटायच्या ते ठरवणाऱ्या कॉलमच्या) रूपाने शिकावा लागतो.

पॉवर बीआयवाल्यांची तक्रार वेगळी, ‘आकडे शिळे आहेत’. दोष पुष्कळदा वेअरहाउसचा नसतो. प्रो परवान्यात आयात केलेली माहिती दिवसातून आठच वेळा नेमून ताजी करता येते.

तारीख, नाव, दुबार पावती

जाहिरातींतल्या तुलना-तक्त्यांत हे मुद्दे सापडत नाहीत, पण वापरकर्त्याचा विश्वास इथेच टिकतो किंवा उडतो.

बिगक्वेरी आणि रेडशिफ्ट मुळात जागतिक वेळ धरतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने पहाटे साडेपाचपर्यंत ‘आजची तारीख’ विचारली तर कालची मिळते. वाळूजच्या तिसऱ्या पाळीचा अहवाल पहाटे पाचला काढणाऱ्याला हा फटका रोज बसतो. स्नोफ्लेकची मूळ वेळ तर लॉस एंजेलिसची. ती बदलली नाही तर दुपारी साडेबारापर्यंत, आणि हिवाळ्यात दीडपर्यंत, काल संपतच नाही. वेळ बदलणे एका ओळीचे काम आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे स्वतःचे तारीख-टेबल : पाळीचा दिवस, एप्रिलपासूनचे आर्थिक वर्ष, खरीप-रब्बी, ऑक्टोबरपासूनचा साखर हंगाम, सगळे त्यात आधीच लिहून ठेवायचे.

नावांचा प्रश्न देवनागरीचा आहे. यूटीएफ-८ (संगणकात अक्षरे साठवण्याची रीत) मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेते. रेडशिफ्टमध्ये व्हारचार (मजकुराच्या) कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजतात, स्नोफ्लेक आणि बिगक्वेरीत चिन्हांमध्ये. जिल्ह्याच्या नावासाठी ३० लांबी ठेवली असेल तर रेडशिफ्टमध्ये ‘औरंगाबाद’ २४ बाइटमध्ये बसते, ‘उस्मानाबाद’ बरोबर ३० मध्ये. ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ लागतात आणि लोड तिथेच अडतो. ‘धाराशिव’ने उलट नऊ बाइट वाचवले.

दुबार नोंदीचा मुद्दा सर्वांत महाग पडतो. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरवर वाढलेला माणूस गृहीत धरतो की प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) सांगितली म्हणजे तोच क्रमांक पुन्हा शिरणार नाही. स्नोफ्लेकची नेहमीची टेबले, रेडशिफ्ट आणि बिगक्वेरी ही की लिहून घेतात, पाळत नाहीत. समजा गाळप हंगामात काट्यावरच्या वजन पावत्यांची रात्रीची फाइल जोडणी तुटल्यामुळे दोनदा चढली. कोणताही इशारा न येता त्या दिवसाचा ऊस दुप्पट दिसतो. उसाचे पैसे १४ दिवसांत देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, त्यामुळे हा आकडा फार काळ नुसता अहवालात राहत नाही, थेट देय रकमेत उतरतो. म्हणून लोड करताना पावती क्रमांकावर ‘मर्ज’ (नोंद आधीच असेल तर बदल, नसेल तर भर) वापरणे आणि रोज सकाळी मोजणी ताडून पाहणे वापरणाऱ्यांच्याच अंगावर येते.

जिल्ह्यांचा इतिहास

प्लॅटफॉर्म कोणताही असो, एक काम तो करून देत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानाबरोबर भारतात आला तेव्हा जिल्हे पाच होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले आणि संख्या आठवर गेली. २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावे बदलली. आता परभणीच्या पेरणी क्षेत्राचा तीस वर्षांचा आलेख काढा. १९९९ नंतर तो एकदम खाली बसतो. पाऊस किंवा पीक यांचा त्याच्याशी संबंध नाही, तालुके हिंगोलीकडे गेले एवढेच कारण.

यावर उपाय किम्बल यांच्या पद्धतीतला ‘टाइप टू’ : गाव किंवा तालुका कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जिल्ह्यात, अशी प्रत्येक बदलासाठी वेगळी ओळ. मग ‘त्या वेळचा जिल्हा’ आणि ‘आजचा जिल्हा’ दोन्ही प्रकारे बेरीज मिळते. केवळ नाव बदलले असेल तर ओळ वाढवण्याची गरज नसते, जिल्ह्याचा कोड तोच ठेवून नाव बदलले की पुरते; हा फरक न केल्यामुळे एकाच अहवालात औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर असे दोन जिल्हे दिसू लागतात. स्नोफ्लेकच्या ‘टाइम ट्रॅव्हल’ला इतिहास समजण्याची चूकही होते. ती सोय जास्तीत जास्त ९० दिवस मागे नेते, तीही वरच्या आवृत्तीत. बिगक्वेरीची सात दिवस. चुकून पुसलेले टेबल परत आणायला ती ठीक आहे.

जागा आणि आकार

मराठवाड्याला जवळची क्लाउड केंद्रे मुंबई, पुणे आणि हैदराबादला आहेत : मायक्रोसॉफ्टचे पुण्यात २०१५ पासून, ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून व हैदराबादेत २०२२ पासून, गूगलचे मुंबईत २०१७ पासून. भरणा व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा आदेश असल्याने बँकांना त्या माहितीसाठी देशाबाहेरच्या केंद्राचा पर्यायच उरत नाही.

आकाराबद्दल स्पष्ट सांगायला हवे. एका साखर कारखान्याच्या किंवा मध्यम सुटे-भाग उद्योगाच्या दहा वर्षांच्या नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल या साध्या डेटाबेसच्या एका बऱ्या सर्व्हरवर सहसा मावतात. मोठा प्लॅटफॉर्म घेण्याचे खरे कारण माहितीच्या ढिगापेक्षा माणसांचे असते : सर्व्हर सांभाळणारा माणूस पुण्याला नोकरी मिळून गेला की मागे कोणी उरत नाही. बॅकअप, अपडेट आणि बंद पडलेली डिस्क दुसऱ्याने पाहावी यासाठी दिलेले ते भाडे आहे.

प्लॅटफॉर्म बदलताना

टेबले हलवणे सोपे असते. तारखांची फंक्शने, रिकाम्या मूल्यांची हाताळणी आणि जुन्या प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात, आणि वेळ त्यांतच जातो. आइसबर्गसारख्या खुल्या टेबल-स्वरूपांमुळे एकच साठवण अनेक इंजिनांना वाचता येऊ लागली आहे, पण अहवालांतले सूत्र त्याने बदलत नाही. त्यामुळे जुना आणि नवा प्लॅटफॉर्म किमान एक मार्चअखेर समांतर चालवतात, आणि जुना बंद करण्याची तारीख लेखा विभागाने दोन्हीकडचे आकडे जुळल्याची सही केल्यानंतरच ठरते.