पार्श्वभूमी : असिंक आयओची आवराआवर आणि २०१५ चा निर्णय

नागपुरातल्या आमच्या रविवारच्या अभ्यासगटात गेल्या वेळी एकाच प्रश्नावर गाडी अडली. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत फ्यूचर, म्हणजे पुढे कधीतरी पूर्ण होणारं असिंक (वाट पाहताना थ्रेड न अडवणारं) काम, ड्रॉप केलं, मध्येच टाकून दिलं, तरी त्याचा बफर (डेटासाठीची मेमरीतली जागा) लगेच का सोडता येत नाही? त्याचं मूळ २०१५ मध्ये आहे.

रस्ट १.० मे २०१५ मध्ये आलं. त्याच्या काही आठवडे आधी स्कोप्ड थ्रेडच्या (फंक्शनच्या स्टॅकवरचा डेटा उसना वापरणाऱ्या, म्हणून ते फंक्शन संपण्याआधी संपायलाच हव्या अशा थ्रेडच्या) रचनेत भगदाड सापडलं. थ्रेड संपेपर्यंत थांबायचं काम एका गार्डच्या (राखणदार व्हॅल्यूच्या) डिस्ट्रक्टरवर, म्हणजे व्हॅल्यू नष्ट होताना आपोआप चालणाऱ्या कोडवर, सोपवलेलं होतं. पण गार्ड आरसीच्या (संदर्भ मोजणाऱ्या पॉइंटरच्या) चक्रात अडकवला की डिस्ट्रक्टर चालतच नसे, आणि थ्रेड मेलेल्या स्टॅकला हात लावत राही. काही टाइप गळूच (डिस्ट्रक्टर न चालता हरवू) द्यायचे नाहीत, किंवा डिस्ट्रक्टर चालेलच ही हमी सोडायची, अशा दोन वाटा होत्या. दुसरी निवडली गेली, आणि ‘मेम फरगेट’ (डिस्ट्रक्टर न चालवता व्हॅल्यू विसरून जाणारं फंक्शन) सुरक्षित ठरलं. भाषा वेळेवर बाहेर पडली, किंमत मात्र पुढच्यांनी मोजली, असं मला वाटतं. स्कोप्ड थ्रेड परत यायला ऑगस्ट २०२२ उजाडलं, तेही क्लोजरच्या आडोशाने: आपला कोड क्लोजर म्हणून एका फंक्शनला द्यायचा, आणि सगळे थ्रेड संपल्याशिवाय ते फंक्शन परततच नाही. असिंकमध्ये ती युक्ती चालत नाही, कारण वाट पाहणारं फंक्शनच फ्यूचर असतं आणि ते मध्येच टाकून देता येतं.

ईपोल या लिनक्सच्या जुन्या पद्धतीच्या काळात हे फारसं टोचलं नाही. सॉकेटवर डेटा आलाय, एवढंच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सांगे, वाचायचं आपण.

मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आयओ यूरिंग (वाचण्या-लिहिण्याची कामं कर्नलकडे सोपवून उत्तर नंतर घ्यायची सोय) आलं आणि कर्नल थेट आपल्या बफरमध्ये लिहू लागला. त्याच नोव्हेंबरात रस्टचं असिंक-अवेट (अवेट म्हणजे थ्रेड न अडवता काम होण्याची वाट पाहणं) स्थिर झालं. इथे ‘कॅन्सल’ हा शब्द फसवतो. ती फक्त विनंती असते. तिचं उत्तर वेगळं येतं, मूळ कामाचं वेगळं, आणि मूळ कामाचं कम्प्लिशन (काम संपल्याची नोंद) येईपर्यंत बफरला हात लावायचा नाही. कळमन्याच्या बाजारात ट्रक उतरत असतानाच गाळा दुसऱ्याला देऊन टाकला, तर संत्र्यांचे उरलेले क्रेट त्याच्या मालावर पडतील. ड्रॉपमध्ये, म्हणजे डिस्ट्रक्टरमध्ये, थांबावं, तर तिथे अवेट करता येत नाही. ब्लॉक केलं तर एक्झिक्युटरचा (फ्यूचर चालवणाऱ्या यंत्रणेचा) थ्रेड अडतो, आणि कम्प्लिशन उचलणाराही तोच असेल तर कायमचा.

म्हणून बफर उसना न देता त्याची मालकीच सोपवायची आणि काम झाल्यावर परत घ्यायची, ही पद्धत रुळली. पायथनमध्ये २०१५ पासून, सीशार्पमध्ये २०१९ पासून असिंक आवराआवरीची सोय आहे. रस्टचं असिंक ड्रॉप अजून नाइटलीतच (रोज निघणाऱ्या चाचणी आवृत्तीतच) प्रयोगावर आहे. तोवर क्लोज आपण स्वतः बोलावून अवेट करायचं; ड्रॉपमध्ये आलेली एरर ऐकायला कुणीच नसतं.