हिवाळी पावसात गडावर गारठा

कोकणात माणूस थंडीने दगावेल, यावर खेड-दापोलीकडे कुणाचा चटकन विश्वास बसणार नाही. इथे बर्फ पडत नाही. पण डिसेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आलं आणि आपण महिपतगडाच्या वाटेवर चिंब भिजलो, तर धोका खरा आहे. 2017च्या डिसेंबरात ओखी वादळाने असाच अवकाळी पाऊस आणला. 2021च्या डिसेंबरात पुन्हा पडला, तेव्हा घाटावर पुणे जिल्ह्यात शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. अंगावर लोकर होती, पारा शून्याच्या जवळपासही नव्हता!

मारतो तो ओलावा. कोरड्या कपड्यात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. कपडा भिजला की तिची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता शोषतं, त्यातली बरीचशी आपल्या अंगातून जाते. वारा हे सगळं आणखी वेगाने घडवतो. त्यात उंचीची भर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खेडच्या बाजारात 22 अंश असले, तर नऊशे मीटरवर सोळाच्या आसपास. जीन्स घालून जाणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही.

शरीराच्या आतलं तापमान 37 अंशांवरून 35च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते. मग बोटं ऐकत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही, बोलणं अडखळतं. डोकंही मंदावतं, त्यामुळे ज्याला होतंय त्याला ते कळत नाही; सोबत्यांनीच ओळखायला हवं. थरथर थांबली आणि माणूस पेंगुळला, तर तो सावरलाय असं समजू नका, प्रकृती ढासळते आहे.

अशा वेळी गड अर्ध्यावर सोडावा, आडोसा गाठावा. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत (सॅकमध्ये एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला हवाच), आधी छाती-पोट ऊबदार करावं. नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत. दारू तर मुळीच नको: तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि उरलेली उष्णताही बाहेर जाते. थरथर थांबलेल्या माणसाला चालवत न आणता आडवं उचलून खाली आणावं आणि थेट दवाखाना गाठावा.