आरजे-५८, कब कॅडेट, जॉन डिअर ११०: तीन जुन्या गार्डन ट्रॅक्टरांची पार्श्वभूमी

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत फिरतो तो छोटा ट्रॅक्टर म्हणजे गार्डन ट्रॅक्टर नव्हे. तो बागायतदाराचा, हा घराच्या आवारासाठी बनलेला, आणि जन्माने अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, १९४४ च्या कायद्याने त्यांच्या घरकर्जाला सरकारी हमी मिळाली आणि शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. जिथे आवार अर्ध्या-एक एकराचे होते, तिथे गवत कापायचे यंत्र ढकलता ढकलता रविवार संपायचा, आणि शेतातला ट्रॅक्टर आणावा तर फाटकातून आत यायचा नाही. उन्हाळ्यात गवत कापणारे, हिवाळ्यात बर्फ ढकलणारे आणि मधल्या दिवसांत भाजीचा वाफा नांगरून देणारे एकच यंत्र लोकांना हवे होते.

त्याआधी दोन चाकांची, मागून चालत हाकायची यंत्रे होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रेव्हली नावाच्या फोटोग्राफरने १९१६ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले होते. आपल्या पॉवर टिलरचे चुलत आजोबाच म्हणायचे. पण जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा चालते करायला घेणाऱ्याचे मन बहुधा सीट असलेल्या चारचाकीवरच जडते. सुरुवातीच्या मॉडेलांत तीन नावे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि माणसे ती रंगावरून निवडतात: लाल व्हील हॉर्स आरजे-५८, पिवळा-पांढरा कब कॅडेट किंवा हिरवा जॉन डिअर ११०. माझ्या मते निवडताना बघायचे ते एवढेच, की इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत जाते कशी. तिन्ही कंपन्यांनी याचे उत्तर वेगवेगळे दिले, आणि प्रत्येकीचे उत्तर तिच्या इतिहासातून आले.

इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल यांनी १९४६ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पुढे कंपनीचे नाव व्हील हॉर्स पडले. गाडीच्या चाकाला सर्वांत जवळ जुंपलेला, खरा भार ओढणारा घोडा, असा त्याचा अर्थ. त्यांच्या सुरुवातीच्या बसून चालवायच्या यंत्रांना भंगारातल्या मोटारींचे मागचे ॲक्सल कापून लावलेले असत. भंगारावर धंदा किती दिवस चालणार? म्हणून त्यांनी गियर, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) आणि ॲक्सल एकाच पेटीत बसवणारा स्वतःचा गियरबॉक्स तयार केला आणि त्याला युनि-ड्राइव्ह हे नाव दिले. १९५८ चा आरजे-५८ त्याच पेटीवर उभा आहे. इंजिनापासून पेटीपर्यंत एक पट्टा, क्लच दाबला की तो सैल पडतो, संपले. चार एचपीच्या आसपासचे इंजिन, बहुधा कोहलर या इंजिन कंपनीचे के-९०. पहिल्यांदाच हात काळे करणाऱ्याला यापेक्षा सोपे यंत्र मिळणे कठीण. मात्र नांगर लावून जोर काढायची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

इंटरनॅशनल हार्वेस्टरचे गणित उलटे होते. ही मुळात शेतीयंत्रांची कंपनी. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात १९४७ पासून फार्मऑल कब हा छोटा शेत-ट्रॅक्टर बनत होता. १९६० मध्ये आवारासाठी ट्रॅक्टर करायचे ठरले, तेव्हा कोऱ्या कागदावरून सुरुवात न करता त्यांनी आपल्याच गोदामात हात घातला: गियर आणि डिफरन्शियलचे भाग फार्मऑल कबवरून घेतले. १९६१ ते १९६३ या काळातल्या या पहिल्या कब कॅडेटला मॉडेल नंबरच नव्हता. आज लोक त्याला ओरिजिनल म्हणतात. पाठीमागे शेत-ट्रॅक्टरच्या घराण्यातला बिडाचा दणकट गियरबॉक्स आणि पुढे कोहलरचे सात एचपीचे के-१६१ इंजिन. गंमत अशी, की एवढ्या भक्कम पेटीला इंजिनाची ताकद पोहोचवायची ती साध्या व्ही-पट्ट्याने. १९६३ च्या मॉडेल ७० आणि १०० मध्ये पट्टा गेला आणि थेट शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आला. म्हणून ‘पहिला कब कॅडेट’ सांगून कोणी विकत असेल, तर आधी खाली वाकून पट्टा आहे की शाफ्ट ते बघावे.

याच इंटरनॅशनल हार्वेस्टरचा आपल्याकडेही धागा आहे. १९६३ मध्ये महिंद्राबरोबर तिची भागीदारी झाली आणि त्यातून मुंबईत बी-२७५ बनू लागला. गावोगावी दिसणारा तो लाल ट्रॅक्टर आणि केंटकीतला हा पिवळा-पांढरा, एका आजीची नातवंडे.

जॉन डिअर या बाजारात उशिरा आली. विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून ११० निघाला तो १९६३ मध्ये. इंजिन तेच, कोहलरचे के-१६१! म्हणजे हिरवा की पिवळा यावर तावातावाने वाद घालणारे दोघे एकाच इंजिनासाठी भांडत असतात. फरक मागे आहे. ११० मध्ये इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये दोन पट्टे आहेत आणि त्यांच्या मधोमध जोड पुली. या पुलीची मधली चकती सरकते. एका पट्ट्याची खाच रुंदावली की दुसऱ्याची आवळते, आणि गियर न बदलता वेग कमी-जास्त होतो. गवत दाट लागले की वेग उतरवायचा, इंजिनाचे फेरे तसेच ठेवायचे. कल्पना सुरेख, पण वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून राहिलेल्या यंत्रात नेमकी ही चकती गंजून चिकटते. ती सोडवायला लागणारा वेळ आणि चिकाटी हिशेबात धरूनच ११० विकत घ्यावा.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. १९६६ मध्ये कब कॅडेट १२३ तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक गियरबॉक्स घेऊन आला, १९६८ मध्ये जॉन डिअर १४० आला आणि ११० चे गोल मडगार्ड चौकोनी झाले. १९६९ मध्ये तर जॉन डिअरने लाल, नारिंगी, निळ्या आणि पिवळ्या बॉनेटचे पांढरे ट्रॅक्टर काढले. हिरवा नाही म्हणून ‘कोणीतरी रंग फासलाय’ असे समजून तो खरवडू नये.

इंजिनाची पाटीही वाचावी. कोहलरच्या के-१६१ सारख्या नंबरात शेवटचा आकडा सिलिंडरांचा, आधीचे आकडे घन इंचांचे: के-१६१ म्हणजे सुमारे १६ घन इंच, सिलिंडर एक. आठ एचपीचे के-१८१ हे ११० वर १९६४ पासून येऊ लागले. त्यामुळे १९६३ चा म्हणून दाखवलेल्या ११० वर के-१८१ बसलेले दिसले, तर इंजिन नंतर बदललेले आहे किंवा सांगितलेले साल चुकीचे आहे.